घरची गाडी

"उठा आता तिथून," ती पुन्हा म्हणाली.

"नाही उठत."

नवरा मुलाच्या पलंगावर मांडी ठोकून बसला होता. बसण्याची तऱ्हा अशी, की त्याला हलवायचं तर पलंगासकट उचलावं लागलं असतं. तिच्या हातात गॅरेजातून आणलेलं रिकामं खोकं होतं, दाराशी आणखी काही पडली होती, आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर दुपारच्या जेवणाआधी येणार होता.

"अहो, त्याने ही खोली अशी बघितली ना, तर तो लिहून मोकळा होईल, मुलगा आईबापांजवळच राहतो म्हणून. मग बसा त्या कुलूपवाल्याच्या मनगटाकडे बघत."

"राहतोच तो आपल्याजवळ."

"शेवटचा कधी राहिला, सांगा बरं."

"रविवारी झोपला होता की इथे."

"दुपारची डुलकी काढली त्याने! त्याला राहणं म्हणतात?"

नवऱ्याने उशी मांडीवर ओढून घेतली. "आणि तो राहत नाही हेच खरं असेल, तर खोकी कशाला लागतात गं? खऱ्याला एवढी आवराआवर लागते होय?"

उत्तर नसलं की तिचे पाय चालू लागत. ती स्वयंपाकघरात गेली, पुसलेला ओटा पुन्हा पुसला, खिडकीतून रस्ता बघितला, नळ बंद आहे ना ते पाहिलं आणि परत येऊन दारात उभी राहिली. सकाळपासून हेच चाललं होतं. एरवी तासन्‌तास स्टेअरिंगमागे एका जागी बसणारी बाई, पण आज तिच्या पायाला भिंगरी लागली होती.

गॅरेजात तिला सगळे पायलट म्हणत. मालकांच्या घरून गाड्या गॅरेजात आणायच्या, काम झालं की परत पोचवायच्या, हे तिचं काम. शिवाय ज्यांना आता डोळ्यांमुळे किंवा गुडघ्यांमुळे गाडी चालवता येत नाही अशा म्हाताऱ्यांना त्यांच्याच गाडीतून दवाखान्यात, बँकेत, बहिणीकडे न्यायचं. अख्ख्या शहरातल्या गाड्या तिच्या हाताखालून गेल्या होत्या आणि तिच्या स्वतःच्या नावावर साधी सायकल नव्हती. याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. उलट लोकाची गाडी चालवणं म्हणजे लोकाचं मूल कडेवर घेणं, असं ती मानायची. किल्ली हातात आली की आधी गाडीभोवती एक फेरी मारायची आणि जे दिसेल ते मालकाच्या कानावर पडेल अशा आवाजात बोलून दाखवायचं. "डावं दार, खाली ओरखडा, आधीचा. मागचा दिवा, तडा, आधीचा." एक डॉक्टर तिला दर वेळी विचारायचे, "पायलट, विकत घेताय की काय?" ती म्हणायची, "नाही हो, परत करायचीय म्हणून बघतेय." गाडीत बसल्यावर रेडिओला हात लावायचा नाही, विचारल्याशिवाय बोलायचं नाही, आणि घरच्या माणसाला तर चुकूनसुद्धा बसवायचं नाही.

तिच्याकडे विमा होता तोही अशाच कामाचा. गाडी नसलेल्या माणसाने गाडीचा विमा काढायचा हे ऐकून तिला आधी हसू आलं होतं. पण गॅरेजवाल्याची अटच होती, आणि विमेवाल्या मुलीने गॅरेजातल्या स्टुलावर बसून तिला सगळं नीट समजावलं होतं.

"मावशी, हा विमा गाडीचा नाही, तुमचा. दुसऱ्या कुणाचीही गाडी चालवताना तुमच्या हातून कुणाला इजा झाली, नुकसान झालं, तर भरपाई कंपनी देणार. फक्त एक आहे. तुमच्या घरात राहणाऱ्या माणसाची गाडी यात बसत नाही. घरच्या गाडीचा विमा घरच्यांनी वेगळा काढायचा."

"आमच्या घरात गाडी?" ती म्हणाली होती. "आमच्या घरात गाडीचं चित्र असलेलं कॅलेंडरसुद्धा नाही, पोरी. कर सही कुठे करायची ती खूण."

तेव्हा मुलगा घरातच होता. पुढे त्याची कामाची जागा बदलली, लांब पडू लागली, म्हणून त्याने तिकडेच खोली घेतली. दोन-चार महिन्यांचा प्रश्न आहे म्हणाला. आधी कपडे गेले, मग पुस्तकं, मग टेबलफॅन. दोन-चार महिने कधीच सरले. भांडण झालं नाही, आवाज चढला नाही. भांडून गेला असता तर समजूत घालून परत आणता आला असता, हसत गेलेल्याला कसं आणायचं? तो दर रविवारीही येत नसे. जमेल तसा येई, पोटभर जेवी, या पलंगावर तासभर झोपे आणि निघून जाई.

नवऱ्याने मात्र हे मनावर घ्यायचंच नाकारलं होतं. त्याची सगळी नोकरी टपालखात्यात पत्रं वेगळी काढण्यात गेली होती, आणि माणसाबद्दल त्याचं एकच शास्त्र होतं: ज्याचं टपाल जिथे येतं, तिथे तो राहतो. मुलाचं टपाल अजून इथेच येई. शेजारी विचारत, "चिरंजीव दिसत नाहीत?" की हा सांगे, "असतो ना, लवकर जातो, उशिरा येतो." तीही शेजारी उभी राहून मान हलवायची. का कोण जाणे, नाही म्हणवत नसे. मुलाने गाडी घेतली आणि कागदांवर जुनाच पत्ता घातला, तेव्हा तर नवऱ्याने तो कागद वाचून दाखवला होता. "बघ, गाडी आपल्या पत्त्यावर आहे." मुलाला पत्ता बदलायचा कंटाळा आला होता, इतकंच. ते तिला कळलं होतं, पण नवऱ्याचा चेहरा एवढा खुलला होता की ती गप्प बसली.

आणि मग हा रविवार. मुलगा जेवून झोपला होता, किल्ली टेबलावर पडली होती. नवरा किल्लीकडे बघत म्हणाला, "मला कधी बसवलं नाहीस गं तू गाडीत."

खरंच होतं. इतकी वर्षं गाड्या चालवल्या, पण हा माणूस कधी तिच्या शेजारी बसला नव्हता. लोकांच्या गाडीत त्याला कसा बसवणार? तिने किल्ली उचलली. "चला," म्हणाली, "एक चक्कर मारून येऊ. तो उठायच्या आत."

त्या दिवशी तिने गाडीभोवती फेरी मारली नाही. घरच्या गाडीची कसली तपासणी करायची, असं वाटलं. तिने रेडिओ लावला. नवरा एका हाताने दाराची कड धरून ताठ बसला होता आणि लहान मुलासारखा सगळीकडे बघत होता. "ही आमची शाळा," असं काहीतरी तो म्हणाला, आणि तिने वळणावर त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तेवढ्यात डावीकडून कुलूपवाल्याची सायकल आली.

आवाज फार मोठा झाला नाही. सायकलच्या कॅरिअरवरची पेटी मात्र उघडली आणि किल्ल्या सगळ्या रस्ताभर पसरल्या, शेकड्यांनी, चकाकत. माणूस त्यांच्या मधोमध उजवा हात पोटाशी धरून बसला होता आणि डाव्या हाताने किल्ल्या गोळा करायला लागला होता. ती उतरली, त्याच्यापाशी बसली आणि तिला रडू फुटलं. जन्मात कुणाला खरचटू दिलं नव्हतं तिने.

मनगट मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली तेव्हा तो उशीला टेकून बसला होता. तिला वाटलं होतं, दोन शब्द ऐकावे लागतील. त्याने तिलाच खुर्ची पुढे केली, डाव्या हाताने.

"बसा ताई. तुम्ही थांबलात तरी. लोक पळून जातात."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"ऑपरेशन केलं तर हात सरळ होईल म्हणाले. नाही केलं तर जुळेल, पण वाकडा." त्याने प्लास्टरकडे पाहिलं. "आता वाकड्या हाताने जेवता येतं हो. दार उघडता येतं. पण किल्ली घासायची म्हणजे केसाएवढा फरक चालत नाही. माझी किल्ली कुलपात फिरली नाही, तर मला दारात कोण उभं करणार?"

तो हसला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

ऑपरेशनचा खर्च तिच्या आवाक्यातला नव्हता आणि मुलाच्याही नव्हता. मुलाने गाडीचा विमा घेतला होता तो सगळ्यात स्वस्तातला. गाडी तो स्वतः चालवत असेल तरच लागू, दुसऱ्याच्या हातात गेली की संपलं. सगळी मदार तिच्या विम्यावर, आणि तो उभा होता एकाच प्रश्नावर: मुलगा तिच्या घरात राहतो की नाही?

"मावशी, कागदांवर पत्ता एकच आलाय, म्हणून माणूस घर बघायला येतोय," विमेवाली फोनवर म्हणाली होती. "तुमच्यात तो राहत नाही हे त्याला दिसायला हवं. तेवढी खोली आवरून ठेवा बाई."

मुलाचाही फोन आला. "आई, त्यात एवढं काय? सांग ना सरळ, मी वेगळा राहतो. खरंच आहे ते."

"हो रे," ती म्हणाली होती. "खरंच आहे." आणि फोन ठेवून कितीतरी वेळ त्याच्या खोलीतली चादर ताणत बसली होती.

बेल वाजली तेव्हा खोकी तशीच रिकामी होती. तिने ती घाईघाईने पलंगामागे सरकवली. नवरा जागचा हलला नाही.

सर्व्हेअर सर्दीने बेजार झालेला, चाळिशीचा गृहस्थ होता. दर दोन वाक्यांना रुमाल. चहा नको, पाणी चालेल म्हणाला, आणि पाणी प्यायचं विसरला. अपघात कसा झाला ते त्याने विचारलं, तिने सांगितलं. रेडिओ लावला होता तेही सांगितलं. तो जरा चपापला. असं आपणहून कुणी सांगत नसावं.

"आता मुख्य मुद्दा," तो म्हणाला. "गाडीच्या कागदावर पत्ता हा. लायसनवर हा. आणि वर येताना मी खालच्या बिऱ्हाडात विचारलं. ते म्हणाले, मुलगा इथेच असतो, लवकर जातो, उशिरा येतो."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिचे कान तापले.

"ते आम्हीच सांगितलंय त्यांना," ती म्हणाली.

"का?"

"का म्हणजे... सांगवत नव्हतं, साहेब. दुसरं काही नाही."

त्याने नाक पुसलं. "खोली बघू का?"

ती पुढे झाली, तो मागून आला. खोलीत पलंग, पलंगावर नवरा, भिंतीला कपाट, खुंटीवर टॉवेल, कोपऱ्यात चपला. सगळं आपापल्या जागी. सर्व्हेअरने दारातूनच मान हलवली, जणू हवं ते दिसलं.

"ही कुणाची खोली, आजोबा?"

"माझ्या मुलाची."

"तो राहतो इथे?"

"म्हणजे काय! त्याचं टपाल इथे येतं."

सर्व्हेअरने खिशातून पेन काढलं. तिला त्या पेनचं टोक दिसलं, आणि दवाखान्यातल्या खाटेवरचा हात दिसला, आणि तिचं तोंड आपोआप उघडलं.

"थांबा. लिहू नका. आत या आधी."

तिने कपाट उघडलं. "हे शर्ट बघा. बोट घाला घडीत. इस्त्री मी करते, दर आठवड्याला, घातलेले नसतात तरी. हे त्याला आता होतसुद्धा नाहीत. अंगाने भरलाय तो. म्हणून तर ठेवून गेला." ती खुंटीपाशी गेली. "हा टॉवेल. कोरडा. हा साबण बघा, वेष्टनात आहे अजून. दाढीचं सामान, पात्याला गंज चढलाय. चपला उलट्या करून बघा, तळाला माती आहे का?" गाडीभोवती फिरावं तशी ती खोलीभर फिरत होती, आवाजही तोच, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "आता वाका इथे. पलंगाखाली बघा. तरण्या मुलाच्या पलंगाखाली काय काय सापडतं, तुम्हाला ठाऊक असेल. तो इथे होता ना, तेव्हा मी मोज्यांवरून रोज डोकं फोडून घ्यायची. आता बघा. कचऱ्याचा कण नाही. राहणाऱ्याची खोली अशी असते का हो, साहेब? असते का?"

सर्व्हेअर वाकला नाही. त्याने पेन हातात तसंच धरलं होतं.

"मग हे सगळं असं..." तो म्हणाला, आणि थांबला.

"मी आवरते," ती म्हणाली. "रोज. तो येतो मधून मधून. जेवतो, झोपतो, जातो. पाहुणा येतो तसा येतो."

तो शब्द तिने घरात कधी उच्चारला नव्हता. नवऱ्याकडे बघायचं धाडस होईना, म्हणून ती कपाटाचं दार लावू लागली. ते लागेना, शर्टाची बाही अडकली होती.

"बाई, मला तुमचं पटतंय," सर्व्हेअर हळू आवाजात म्हणाला. "पण तुम्ही एक सांगता, हे दुसरं सांगतात. दोघांचं एक झाल्याशिवाय मला पुढे पाठवता येत नाही." तो पलंगाकडे वळला. "आजोबा, राहू दे टपाल. मला एवढंच सांगा, घरात माणसं किती?"

खालून कुणाची तरी मोटारसायकल सुरू होण्याचा आवाज आला, बंद पडली, पुन्हा सुरू झाली. तिला वाटलं, हा आता हट्टाने तीन म्हणणार. म्हणू दे, असंही एक क्षण वाटून गेलं. याच्यापाशी दुसरं आहे काय? आणि लगेच वाटलं, नको. त्या माणसाचा हात वाकडा राहील.

नवऱ्याने मांडीवरची उशी बाजूला ठेवली. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला. टपालखात्यात पत्ता नीट लागत नसला की तो असाच चष्मा पुसत असेल.

"त्याचा हात..." तो म्हणाला. "मी शेजारीच बसलो होतो. माझ्यामुळेच नेली तिने गाडी."

"हो, पण माणसं किती?"

"दोन," नवरा म्हणाला. "आम्ही दोघंच."

सर्व्हेअरने ते लिहून घेतलं. निर्णय वरच्यांचा असतो, पण आपल्याला तरी अडचण दिसत नाही, असं तो जाताना म्हणाला. दारात त्याला पाण्याची आठवण झाली. तिने आणून दिलं, तो उभ्यानेच प्यायला आणि जिना उतरून गेला. जिन्यात बराच वेळ त्याची शिंक ऐकू येत होती.

त्याच आठवड्यात विमेवालीचा फोन आला, मंजूर झालं म्हणून. कुलूपवाल्याचं ऑपरेशन ठरलं. अपघातानंतर गॅरेजवाल्याने तिला घरी बसवलं होतं, आता पुन्हा कामावर घेतलं, पण थट्टेने म्हणाला, "पायलट, आता घरच्या गाडीपासून लांब राहा." ती म्हणाली, "लांबच आहे हो ती."

शनिवारी संध्याकाळी मुलाचा फोन आला. ती भाजी निवडत होती, नवरा समोर बसला होता. ऑपरेशनचं विचारून झालं, सर्व्हेअरचं विचारून झालं. काय सांगितलंत, म्हणाला. खरं ते सांगितलं, म्हणाली. मग तो जरा घुटमळला.

"आई, उद्या येऊ का?"

तिचा हात थांबला. आजवर तो कधी असं विचारून आला नव्हता. दार ढकलायचा आणि "काय आहे जेवायला?" म्हणायचा.

"ये की," ती म्हणाली. "फक्त निघताना एक फोन कर बाळा. आम्ही घरी असलो म्हणजे झालं."

"बरं," तो म्हणाला.

तिने फोन ठेवला. नवरा तिच्याकडे बघत होता.

"काय म्हणत होता?"

"येऊ का, विचारत होता."

नवऱ्याने भाजीची जुडी आपल्याकडे ओढली आणि तोही निवडायला लागला.